दादींचा ‘हॅड’

माझ्या इंग्रजीत ‘हॅड’ फार कमी येतो. महिन्याकाठी एखाददुसरा, आणि तोही तीनदा तपासून ठेवलेला. ही काटकसर माझ्या स्वभावातली नव्हे. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या एका बराकीत ती मला लावली गेली, आणि पुढे तिच्यामुळे एका माणसाची नोकरी वाचली.

१९८६ सालची गोष्ट. मी बदलापूरच्या मराठी शाळेतून बाहेर पडलेला. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमची ए-बी-सी-डी पाचवीत सुरू झाली. वडील अंबरनाथला विम्कोत, काडेपेट्यांच्या कारखान्यात. मुलाला साहेबाला दाखवता येईल असा अर्ज इंग्रजीत लिहिता यावा, एवढीच त्यांची इच्छा. घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पण ती उघडली की मला झोप यायची. शेवटी वडिलांच्या खात्यातल्या एका सिंधी सहकाऱ्याने सांगितलं, ‘पोराला आमच्या दादीकडे पाठव.’ सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. त्या तेव्हा साठीच्या होत्या आणि सगळा कॅम्प त्यांना दादीच म्हणायचा. महिना पंधरा रुपये फी. बदलापूरहून लोकल, मध्ये अंबरनाथ, की उल्हासनगर.

पहिल्या दिवशी त्यांनी ‘काल काय केलंस ते लिही’ म्हणून सांगितलं. मी झोकात लिहिलं : आय हॅड गॉन टु कल्याण. आय हॅड मेट माय अंकल. आय हॅड ईटन वडापाव. पान भरलं तेव्हा त्यात नऊ हॅड होते. वही परत आली ती नऊ लाल गोळे घेऊन, आणि प्रत्येक गोळ्याशेजारी हिंदीत एकच प्रश्न : किसके पहले?

मला प्रश्नच कळेना. कशाच्या आधी म्हणजे काय? कल्याणला गेलो होतो, तर गेलो होतो!

त्या प्रश्नात केवढं व्याकरण होतं ते हळूहळू उमगलं. शाळेत आम्हाला सूत्र मिळालं होतं : पूर्ण भूतकाळ म्हणजे हॅड अधिक क्रियापदाचं तिसरं रूप. त्या ‘पूर्ण’ शब्दाने घात केला. क्रिया पूर्ण झाली ना, मग लाव हॅड! त्यात आपल्या मराठीची सवय. ‘मी कल्याणला गेलो’ एवढंच म्हटलं तर ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणून थांबतो. माणूस अजून कल्याणातच उभा असतो. ‘गेलो होतो’ म्हटलं की तो संध्याकाळच्या गाडीने घरी परत आलेला असतो, विषय संपलेला असतो. आपल्या ‘होतो’ला एकट्याने उभं राहता येतं. इंग्रजी हॅडला ते जमत नाही. त्याला टेकायला भूतकाळातलीच दुसरी घटना लागते, आणि ती त्याच्या नंतरची असावी लागते. तशी घटना नसेल तर साधं ‘वेंट’ पुरतं. मराठी माणसाचं इंग्रजी लांबून ओळखू येतं ते बऱ्याचदा या टेकू नसलेल्या हॅडवरून.

हे मी आज इतक्या शब्दांत सांगतोय. दादींनी ते पापडांवर सांगितलं.

उल्हासनगरात पापड घरोघरी. दादींच्या अंगणातही बाजेवर धुतलेली चादर आणि तिच्यावर पापड वाळत घातलेले असायचे. मे महिन्यातली दुपार होती, वर्ग चालू होता, आणि वळीव आला. आम्ही सातआठ पोरं धावलो, चादर चारी कोपऱ्यांनी उचलून आत आणली. तोवर निम्मे पापड भिजले होते. दादींनी ओल्या पापडांकडे एकदा बघितलं, खडू उचलला आणि फळ्यावर दोन वाक्यं लिहिली :

व्हेन इट रेन्ड, वुई टुक द पापड्स इन.

व्हेन इट रेन्ड, वुई हॅड टेकन द पापड्स इन.

‘बोलो, किसका पापड सूखा?’

पहिल्या वाक्यात पाऊस आला आणि मग आम्ही धावलो. दुसऱ्यात पाऊस आला तेव्हा पापड आधीच घरात होते. बाकीचे शब्द जवळपास तेच. दादी म्हणाल्या, ‘एक हॅड, और पूरा पापड बच गया. इसलिए मुफ़्त में मत बाँटो.’

त्या दिवसापासून मी हॅडकडे पापडाचा मालक बघेल तसा बघू लागलो. त्यांचे पुढचे नियमही असेच घरगुती होते. वाक्यात बिफोर किंवा आफ्टर असेल तर आधी काय, नंतर काय हे त्या शब्दानेच सांगितलंय. हॅड नसला तरी चालतो. दुसऱ्याचं बोलणं ‘तो म्हणाला की’ करून सांगताना मात्र त्याचं साधं ‘केलं’ एक पायरी मागे सरकून हॅडमध्ये जातं. आणि घडलेल्या गोष्टी घडल्या त्याच क्रमाने सांगत असाल तर हॅड कशाला? तो मागे वळून बघणाऱ्यासाठी आहे.

हा शेवटचा नियम त्या स्वतः किती काटेकोर पाळतात ते एकदा दिसलं. आम्ही त्यांना त्यांच्या गावाबद्दल विचारलं. त्यांनी इंग्रजीतच सांगितलं, लहान लहान वाक्यांत : आम्ही सिंधमध्ये हैदराबादला राहायचो. देशाचे दोन तुकडे झाले. कराचीहून जहाजाने मुंबईला आलो. युद्धात लष्करासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पात आम्हाला ही बराक मिळाली. मग १९४९च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले आणि कॅम्पाचं नाव उल्हासनगर झालं. संपलं. सगळं साध्या भूतकाळात, एकापुढे एक. एकही हॅड नाही.

आमच्यातल्या एकाला तेवढ्यावर राहवलं नाही. न घडलेल्या गोष्टींचा हॅड आम्ही त्याच आठवड्यात शिकत होतो. त्याने वहीत लिहिलं : इफ द पार्टिशन हॅड नॉट हॅपन्ड, यू वुड हॅव स्टेड इन सिंध. दादींनी वाक्य वाचलं. चष्मा वर सारला, पुन्हा वाचलं. व्याकरणात चूक नव्हती. त्यांनी बरोबरची खूण केली आणि पुढची वही घेतली.

त्यानंतर आठ वर्षांनी मी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होतो. एका रात्री रिअ‍ॅक्टरचं तापमान चढलं आणि बॅच गेली. कोणाला इजा झाली नाही, पण माल लाखांत गेला. ऑपरेटर पन्नाशीचे होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी स्टीमचा व्हॉल्व्ह वेळेत बंद केला होता, मी स्वतः पाहिलं होतं. तरी तापमान चढत राहिलं. पहाटे मी लॉगबुकात लिहायला बसलो तसे मामा शेजारी उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

‘साहेब, माझ्याबद्दल काय लिवलं?’

‘खरं तेच लिहिलंय, मामा.’

लिहिलं होतं : ऑपरेटर हॅड क्लोज्ड द स्टीम व्हॉल्व्ह व्हेन द टेंपरेचर क्रॉस्ड द लिमिट. आठवड्याने वर टाइप होऊन गेलेल्या अहवालात त्या वाक्यातला हॅड गळाला होता. टाइप करणाऱ्याला तो फालतू वाटला असावा. उरलं ते असं : तापमान मर्यादेबाहेर गेलं तेव्हा ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद केला. म्हणजे उशिरा. मामांच्या हातात चार्जशीट पडलं.

चौकशीत मी लॉगबुक पुढे ठेवलं. चौकशी करणारे साहेब हसले. म्हणाले, ‘तुम्ही लोक सगळीकडेच हॅड लावता. त्यावर काय जायचं?’

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या शिफ्टची पानं उघडली असती तर हॅडचा पाऊस दिसला असता : पंप हॅड स्टार्टेड, बॅच हॅड चार्ज्ड, आय हॅड इन्फॉर्म्ड. पण मी माझी पानं उलटली. तीन महिन्यांची. माझ्या हस्ताक्षरात तेवढ्या पानांत हॅड चार ठिकाणी होता, आणि चारही ठिकाणी ‘कशाच्या आधी’ ते त्याच ओळीत लिहिलेलं होतं. साहेबांनी चारही वाचले. मग बराच वेळ पाचवा शोधत राहिले. तो नव्हताच. व्हॉल्व्ह उघडून बघायचा हुकूम त्यांनी त्याच दुपारी काढला. व्हॉल्व्हची सीट झिजली होती. बंद असूनही स्टीम पास होत होती. मामा कामावर परत आले.

दादींची आठवण मला त्या खोलीतच झाली. त्यांनी माझी चूक सुधारली होती हे खरंच, पण त्याहून मोठं म्हणजे एका शब्दाची पत राखायला शिकवलं होतं. मी तो शब्द आठ वर्षं फुकट वाटत राहिलो असतो, तर ज्या दिवशी मामांना त्याची गरज होती त्या दिवशी त्याला कोणी विचारलं नसतं.

दादी १९९९ साली गेल्या. नऊ लाल गोळ्यांची वही २६ जुलै २००५ला उल्हास नदी आमच्या बदलापुरातल्या घरात शिरली तेव्हा गेली. पण चौकशी संपल्यावरचा रविवार माझ्याकडे शाबूत आहे.

मी पेढ्यांचा पुडा घेऊन बराकीत पोचलो. दादी थकल्या होत्या, वर्ग बंद झाले होते, बाज तिथेच होती. लॉगबुकची, मामांची सगळी हकिकत त्यांना सांगायची असं गाडीत घोकून आलो होतो. दारात मात्र सगळं विसरलो आणि तोंडातून इंग्रजी निघालं :

‘दादी, आय हॅड कम टु थँक यू.’

त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

‘किसके पहले?’

मी दारातच थिजलो. मग स्वतःशीच हसलो आणि दुरुस्त केलं, ‘आय हॅव कम.’

‘हां. आया है, तो बैठ.’ आणि आलेल्या प्रत्येकाला देतात तसा भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

आपल्याकडे ‘आलो होतो’ म्हणणारा माणूस निघायच्या बेतात असतो. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.