शहागडातला चारमिनार

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना गोदावरीच्या पुलाअलीकडे शहागड लागते. अंबड तालुक्यातले हे गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा. ‘शाह’ फारसी, ‘गड’ मराठी. दोन भाषा या गावाच्या नावातच एकत्र नांदतात. एस.टी.तून पाहणाऱ्याला मात्र हॉटेले, उसाचे ट्रॅक्टर आणि नदी एवढेच दिसते.

उन्हाळी सुट्टीत तिथे आमच्या खालांकडे गेलो होतो. उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर आला म्हणून त्यांनी पेटीतून पाच रुपये काढले आणि म्हणाल्या, “बेटा, यावर काय लिहिलंय ते वाचून दे.” त्यांच्या वालिदांनी अम्मींना मेहरमध्ये दिलेले हे हाली रुपये. त्या काळी मराठवाड्यात हाली आणि कलदार अशी दोन चलने चालत. साधारण सात हालीला सहा इंग्रजी कलदार मिळत.

रुपयावर चारमिनार होता. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशाहांनी बांधलेली इमारत, तिच्या कमानीत उस्मान अली खान यांच्या नावातला ‘ऐन’ आणि ९२ हा आकडा. अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ या मुबारक नावाची बेरीज ९२ होते. एका नाण्यावर हिजरी १३३७, म्हणजे १९१८-१९ हे साल. मागे ‘जर्ब फरखुंदा बुनियाद हैदराबाद’, म्हणजे शुभ पायाच्या हैदराबादेत पाडलेले नाणे.

फ्रान्समध्ये आयफेल टॉवर, नोत्र-दाम अशा ठिकाणी ३४ मिलिमीटरची सोनेरी पदके मिळतात. पॅरिसची सरकारी टांकसाळ १९९६ पासून ती काढते आणि हौशी लोक गावोगाव फिरून ती जमवतात. आपल्याकडे मात्र इमारतीचे चित्र बाजारहाटाच्या रुपयावरच होते. शहागडच्या ज्या बाईने हैदराबाद कधी पाहिले नाही, तिच्या पदराच्या गाठीतही चारमिनार होता.

पण सराफ चित्र वाचत नाही, वजन पाहतो. रुपयाचे वजन ११ ग्रॅमच्या थोडे वर, त्यात चांदी सुमारे ८२ टक्के. खालांच्या नातीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि पैसे कमी पडत होते. मुलगा म्हणाला, “आठवण विकू नका.” खाला म्हणाल्या, “मेहर बाईचा हक्क असतो. अम्मींचा माझ्याकडे आला, माझ्याकडून हिच्याकडे जाईल.”

चार रुपये गेले. पण सराफाकडे वितळायला नाही. जुनी नाणी घेणाऱ्याकडे, दोन ठिकाणी भाव विचारून. विकण्याआधी ते चिंच लावून घासू नका, एवढे मी सांगितले. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

पाचवा रुपया घरात राहिला. त्याच्यासोबत उर्दू आणि मराठीत एक चिठ्ठी आहे: हा कोणाचा, कोणाला, कशासाठी मिळाला. वाचकहो, आपल्याही घरी असा रुपया असेल, तर बुजुर्ग मंडळी आहेत तोवर ही चिठ्ठी लिहून घ्या. नाण्यावर बादशाहचे नाव असते, अम्मींचे नसते.