धरणाखालची थंड नदी

ऑगस्ट महिना होता. डॅलसमध्ये पारा चाळिशीला टेकलेला. लेक म्हणाली, "अम्मी, अब्बा, चला, तुम्हांला थंड नदी दाखवते." आम्हां दोघांना हसू आले. आम्ही चिपळूणचे. नदी आम्हांला कोणी दाखवावी? पण जावयाला तीन दिवसांची सुट्टी होती, अकरा वर्षांच्या नातवाला गळ टाकायची हौस होती, आणि आर्कान्सा राज्यात व्हाइट नदीच्या काठी एक लाकडी घर भाड्याने ठरले होते. फजर पढून निघालो आणि सुमारे सात तासांनी ओझार्कच्या डोंगरात शिरलो. हे डोंगर बुटके आणि ओकच्या झाडांनी गच्च भरलेले. सह्याद्रीचे कडे इथे नाहीत, पण हिरवाई पाहून डोळे निवले.

संध्याकाळी बुल शोल्स धरण पाहिले. सुमारे 78 मीटर उंचीची काँक्रीटची सरळ भिंत. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागाने ते 1947 ते 1951 या काळात बांधले आणि 1952 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पूर अडवणे आणि वीज तयार करणे ही त्याची दोन मोठी कामे. धरणामागे तलाव पसरलेला. त्यात लोक पोहत होते, कारण वरचे पाणी कोमट होते. भिंतीच्या खाली आलो आणि नदीत हात घातला, तर बोटे बधिर झाली!

जावयाने कारण समजावले. खोल तलावात उन्हाने वरचा थर तापतो. थंड पाणी जड, ते तळाशी बसून राहते. टर्बाइनला जाणारे पाणी खोलातून घेतलेले असते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही भिंतीखाली हिवाळा वाहत असतो. या थंडीमुळेच इथे ट्राउट मासा जगतो. त्याला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की त्याचे हाल सुरू होतात.

मात्र हा मासा मूळचा इथला नाही. धरणापूर्वी व्हाइट नदी कोमट पाण्याची होती आणि स्मॉलमाउथ बास नावाच्या माशासाठी दूरदूरचे लोक इथे होड्या घेऊन यायचे. धरणाचे गार पाणी सुटले आणि त्या माशांना इथे राहणे अवघड झाले. मग नुकसानभरपाई म्हणून ट्राउट आणून सोडले. रेनबो ट्राउट मूळचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा, ब्राउन ट्राउट युरोपातला. जवळच नॉरफोर्क धरणाखाली 1957 पासून सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. रेनबो तिथे वाढवून नदीत सोडतात. म्हणजे धरण बांधलेले, थंडी धरणाची, आणि मासाही पाहुणा!

दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर इतके धुके होते की समोरचा काठ दिसेना. दमट, उबदार हवा गार पाण्यावर आली की असे होते. लांबट, सपाट बुडाच्या होडीतून एका म्हाताऱ्या होडीवाल्याने आम्हांला नेले. मोठ्यांना मासेमारीचा परवाना आणि ट्राउटचा वेगळा परवाना काढावा लागला. नातू सोळा वर्षांच्या आतला, त्याला माफ होते. पाणी इतके स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. गोट्यांखालचे बारीक किडे आणि झिंग्यासारखे जीव खाऊन ट्राउट पोसतात.

पहिला मासा नातवाच्या गळाला लागला. अंगावर काळे ठिपके आणि कुशीवर गुलाबी पट्टा. पोराचा आनंद काय सांगावा! दुपारपर्यंत आम्ही सहा मासे ठेवले. आम्ही गेलो तेव्हा माणशी पाच ट्राउट ठेवायची मुभा होती. नातू म्हणाला, "नाना, अजून पकडू. हवे तर सोडून देऊ. इथे पुष्कळजण तसेच करतात."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मासा हलाल आहे, त्याला जिबह करावे लागत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असते. पण खाण्यासाठी पकडणे वेगळे आणि नुसत्या करमणुकीसाठी एखाद्या जिवाच्या जबड्यात काटा रुतवणे वेगळे. होडीवाला आपल्या परीने बरोबर होता. तो म्हणाला, "सोडून देतात म्हणून तर मोठे मासे उरलेत." तेही खरे. आम्ही नातवाला एवढेच सांगितले, "बेटा, आपल्या जेवणापुरते झाले. आता त्यांना त्यांचे जेवण करू दे." तो थोडा रुसला, पण काठी आवरली.

जेवणाचीही एक गंमत. इथे काठावरच चूल पेटवून मासे तळायची पद्धत आहे. होडीवाल्याने हौसेने कढई काढली. लेकीने अदबीने विचारले, "तेल कसले?" ती चरबी डुकराची होती. त्याने जराही वाईट वाटून घेतले नाही. उलट आमचा तवा आणि आमचे तेल स्वतःच चुलीवर चढवले. हळद, तिखट, मीठ, आले-लसूण लावून तांदळाच्या पिठात घोळवलेला ट्राउट त्याने आमच्याबरोबर खाल्ला आणि तव्याला चिकटलेले खमंग पीठही खरवडून घेतले. निघताना त्याने सल्ला दिला, "उद्या तुम्ही एकटे याल. पाण्याकाठचा एक दगड हेरून ठेवा. तो दिसेनासा झाला की सगळे सोडून काठ गाठा."

तो सल्ला तिसऱ्या दिवशी कामी आला.

धरणात आठ जनित्रे आहेत. विजेची मागणी कमी असते तेव्हा नदी गुडघाभर, मधली गोट्यांची बेटे उघडी. जनित्रे सुरू झाली की तीच नदी कित्येक फूट चढते. धरणाजवळ भोंगा वाजतो, पण काही मैल खाली तो ऐकू येत नाही. वीज कधी तयार होणार याचा अंदाज फोनवर मिळतो, पण तो अंदाजच. त्या दिवशी संध्याकाळी पाणी सुटेल असे लिहिले होते.

दुपारी आम्ही एका बेटावर होतो. जावई आणि नातू पलीकडच्या टोकाला गळ टाकून बसले होते. आम्ही वजूला पाण्याकाठी गेलो. त्या गारठ्यात मसह करतानाही अंग शहारले. वाहत्या नदीवर बसलात तरी वजूचे पाणी वाया घालवू नका, ही शिकवण लहानपणापासून ऐकलेली. त्या दिवशी वाया घालवायची हिंमतच नव्हती! ज्या सपाट दगडावर बसून वजू केला, तोच खुणेचा ठरवला. मग शाफई मसलकाप्रमाणे प्रवासातली जोहर आणि असर जमा करून दोन-दोन रकात पढलो.

सलाम फेरून पाहिले, तर दगड नव्हता. पाण्यावर सुकी पाने आणि काटक्या वाहत येत होत्या. आभाळ मात्र निरभ्र. आम्ही हाका मारल्या. जावयाने मागचापुढचा विचार न करता गळ तिथेच टाकला आणि पोराला खांद्यावर घेतले. येताना पाणी घोट्यापर्यंत होते, परतताना मांडीला लागले. एकमेकांचे हात धरून काठावर आलो. थोड्याच वेळात बेट दिसेनासे झाले. कोणीच काही बोलले नाही. लेकीने हळूच "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले आणि पोराचे पाय पुसू लागली.

काठावर बसल्या बसल्या आम्हांला वाशिष्ठी आठवली. आमचीही नदी धरणाच्या वेळापत्रकावर चालते. कोयनेचे पाणी खरे तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारे. ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरते, वीज देते आणि वाशिष्ठीला मिळते. कोकणातल्या कित्येक नद्या उन्हाळ्यात आटतात, तेव्हा आमची वाहती असते. आम्ही ते आमचे नशीब समजत आलो. त्या पाण्यासाठी पलीकडे कोयनेच्या खोऱ्यातली गावे शिवसागराखाली गेली आणि तिथल्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्याही पुनर्वसनासाठी आंदोलने करत आल्या, हे आमच्या ओट्यावरच्या गप्पांत क्वचितच यायचे.

व्हाइट नदीचा ट्राउट चवदार होता, पण त्याच्या जागी पूर्वी दुसरा मासा होता. आमच्या घरातला दिवा लख्ख आहे, पण त्याच्या पाण्याखाली कोणाचे तरी अंगण आहे. नेमत नाकारायची नसते. ती कुठून आली आणि कोणी काय गमावून आली, हे लक्षात ठेवणे हाही शुक्रच. आणि मग आपल्या गरजेपुरतेच घ्यायचे, मासे असोत, वीज असो, की वजूचे पाणी.

डॅलसला परतल्यावर नातू नळावर वजू करत होता. नळ बारीक केलेला. आम्ही काही बोललो नाही. तोच म्हणाला, "नाना, हे पाणी कोणत्या धरणाचे?"

आम्हांला उत्तर येत नव्हते. रात्री दोघांनी मिळून नकाशा उघडला.