तो चेंडू अजून घरंगळतोय
मी दोन्ही हात वर करून "टाइम!" ओरडलो, तेव्हा चेंडू अजून कुंपणाकडे घरंगळत होता. दोन वर्षं झाली, तो डोळ्यांपुढून हलत नाही.

न्यू जर्सीत मुलगा बेसबॉल खेळायला लागला, लीगला पंच कमी पडत होते, मी थोडं शिकून उभा राहिलो. सामना दहा वर्षांच्या मुलांचा. सहावी, म्हणजे शेवटची इनिंग, एक बाद, फलंदाजी करणारा संघ एका रनने मागे. एका मुलीने उजवीकडे लांब फटका मारला. ती पहिल्या बेसला वळसा घालते तर तिथला मुलगा तिच्या वाटेतच उभा, हातात चेंडू नाही. ती त्याला धडकून पडली.

साताऱ्याच्या शाळेत मी खो-खो खेळलेला. फाउल झाला की शिट्टी, हे अंगात भिनलेलं. बेसबॉलमध्ये मात्र पंचाने अशा वेळी बोट दाखवून "ऑब्स्ट्रक्शन" म्हणायचं आणि खेळ चालू द्यायचा. अडवलेल्या रनरलाच त्या क्षणी बाद करायला बघत असतील, किंवा फलंदाजाला पहिल्या बेसला पोचण्याआधीच अडवलं असेल, तरच चेंडू लगेच डेड, म्हणजे खेळ थांबला. एरवी धावपळ संपल्यावर टाइम पुकारायचा आणि अडथळा नसता तर ती जिथे पोचली असती तो बेस द्यायचा. क्रिकेटमधला पंचही नो-बॉलला हात आडवा करतो, खेळ थांबवत नाही. हे सगळं मला पाठ होतं! तरी मी "टाइम!" ओरडलो.

ती उठून पळायलाही लागली होती. माझा आवाज ऐकून थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला दुसरा बेस दिला. तिसरा द्यायला हवा होता का? चेंडू कुंपणापर्यंत जात होता, मुलगी चपळ होती. पण थांबवलेल्या खेळाचं पुढे काय झालं असतं, हे कोण सांगणार? पुढच्या मुलाचा लांबवर झेल गेला. तिसऱ्यावर असती तर झेलानंतर पळून ती होमला आली असती, बरोबरी झाली असती. दुसऱ्यावरून तिसऱ्यापर्यंतच आली. मग तिसरा बाद. संपलं. त्यांचे कोच एवढंच म्हणाले, "अन्याय आमच्यावर झाला, मग थांबवलंत आम्हालाच का?" मी नियम समजावत बसलो. चुकलो म्हणालो नाही.

2013 च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना नंतर मी कितीदा तरी पाहिला. सेंट लुईसचा ॲलन क्रेग तिसऱ्या बेसजवळ पडलेल्या बोस्टनच्या मिडलब्रुक्सला अडखळतो. पंच जिम जॉइस बोट दाखवतात, खेळ चालूच. होमवर क्रेगला चेंडूने टॅग करतात, तरी तिथले पंच डॅना डेमुथ त्याला सेफ देतात. सेंट लुईस 5-4 ने जिंकतं. मिडलब्रुक्सने मुद्दाम केलं नव्हतं म्हणून तेव्हा बोस्टनवाले चिडले. पण हेतू नियमात बघतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्याची वाट अडली त्याला हेतूशी काय करायचंय?

नव्या पंचांना मी बजावतो, आधी बोट, मग नजर चेंडूवर, टाइम सगळ्यांत शेवटी.

मागच्या शनिवारी तिसऱ्या बेसजवळ एक मुलगा असाच धडकून पडला. मी बोट दाखवलं, गप्प राहिलो, चेंडू आत येईपर्यंत थांबलो, मग त्याला होम दिलं. निर्णय बरोबर होता, कुणी तक्रार केली नाही. पण ते पोर जमिनीवर रडत होतं आणि मी चेंडूकडे बघत होतो. घरी येताना गाडीत मला तेच टोचत राहिलं.