टोकियोचा कौल

टोकियोला निघण्याच्या आठच दिवस आधी सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडण्याच्या कागदावर मी सही केली होती. त्यामुळे परमुलखात का होईना, काहीतरी जुनेपुराणे डोळे भरून पाहावे, अशी हुरहूर लागली होती. तिथे नोकरीला असलेला भाचा म्हणाला, "मग मामा, आधी आसाकुसाला चला."

आसाकुसाचे सेन्सोजी हे टोकियोतले सर्वांत जुने देऊळ. इ. स. 628 मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, अशी त्याची कथा. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. वेशीवर दोन पुरुष उंचीचा लाल कंदील, पुढे दुतर्फा दुकाने आणि देवळासमोर धूप जळणारे भले मोठे पात्र. आपण आरती घेतो तसा लोक तो धूर हाताने अंगावर घेतात. ज्याचे गुडघे दुखतात तो गुडघ्यांवर! आमच्या सौ.नीही घेतला. मी मात्र खांबावर बोटाने टकटक करून पाहिले. लाकूड नव्हते.

"सिमेंट काँक्रीट आहे, मामा," भाचा म्हणाला. "जुने लाकडी देऊळ 1945 च्या मार्चमध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात जळाले. हे 1958 सालचे."

माझा चेहरा पडला. तेवढ्यात सौ.नी देवाला कौल लावला. डबा हलवून काडी काढायची आणि काडीवरच्या आकड्याचा कागद घ्यायचा. निघाले 'अशुभ'! परंतु वाईट कौल घरी न्यायचा नाही, तिथल्याच तारेला बांधून मोकळे व्हायचे, अशी रीत आहे. सौ. गाठ मारून हसतच परत आल्या.

तिथून भुयारी रेल्वेने उएनोला गेलो. आशियातली ही पहिली भुयारी रेल्वे. 1927 साली आसाकुसा ते उएनो एवढीच धावत असे. उएनोचे तळे जुलैत कमळांनी भरून गेले होते. मधल्या बेटावर बेंतेनचे देऊळ आहे. बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती इथवर आली आणि वीणेऐवजी बिवा नावाचे वाद्य वाजवू लागली. हे देऊळही 1945 त जळाले, 1958 त पुन्हा उभे राहिले. या वेळी मी खांब वाजवला नाही.

तळ्याला लागूनच 1882 साली उघडलेले प्राणिसंग्रहालय आहे. बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर काय, या धास्तीने 1943 साली इथली श्वापदे मारण्याचा हुकूम सुटला. विष घातलेले बटाटे हत्ती खाईनात. अखेर तिघांना उपाशी ठेवून मारले. लढाई सरल्यावर टोकियोच्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहिली, आम्हांला हत्ती पाठवा. 1949 साली नेहरूंनी हत्तीण धाडली आणि तिला आपल्या लेकीचे नाव दिले, इंदिरा! 1983 पर्यंत ती इथे नांदली. भाचा हे सांगत असताना सौ.नी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने तासाभरावर असलेल्या कामाकुराला गेलो. तिथल्या ब्राँझच्या बुद्धाचे काम 1252 साली सुरू झाले. अकरा मीटरांहून उंच मूर्ती. तिच्यावरचे मंदिर वादळांनी अनेकदा पाडले. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून बुद्ध उन्हापावसात उघडाच बसला आहे.

सौ. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, घर गेले, पण हा जागचा उठला नाही!"

पुण्याला आल्यावर मी बिल्डरकडे गेलो. वाडा पडायचा तो पडणारच होता. परंतु अंगणातल्या प्राजक्ताला हात लावायचा नाही, एवढी एक ओळ कागदात वाढवून घेतली.