पत्राला लागणारे दिवस

जर्मनीतल्या आखेनहून टाकलेलं पत्र सांगलीला पोचायला १० ते १२ दिवस लागत, आणि आईचं उत्तर यायला तितकेच. १९८७च्या हिवाळ्यात मी आजारी पडले, तेव्हा अंगात ताप असतानाच घरी पत्र लिहिलं. आईची काळजी, काढ्याची कृती आणि सांगलीच्या गणपतीला बोललेला नवस माझ्या हातात पडला, तोवर मी केव्हाच बरी होऊन प्रयोगशाळेत उभी होते. पुढे आजारपणाबद्दल लिहिलं ते नेहमी बरं झाल्यावर. निळ्या एरोग्रामवर जागा मोजकी, आत वेगळा कागद घालायचा नाही, त्यामुळे दुमडायच्या पट्ट्यांवरही बारीक अक्षरात मजकूर भरायचा. काय लिहायचं आणि काय गाळायचं हे ठरवता ठरवता आठवड्याचा निम्मा ताण उतरून जाई.

आज माझी भाची मी शिकले त्याच गावात, त्याच विद्यापीठात शिकते आहे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, पुण्याला कोथरूडमध्ये राहते. हिवाळ्यात तिकडच्या आणि इकडच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक पडतो, एवढंच काय ते अंतर. भाची जेवली का, कुठल्या बसमध्ये आहे, रात्री दोनपर्यंत जागी का होती, हे सगळं बहिणीला फोनवर दिसतं. भाचीकडे काही दिवस राहून आले तेव्हापासून हे दोन काळ माझ्या मनात शेजारी शेजारी उभे आहेत.

आमच्या वेळी जर्मनी म्हणजे पश्चिम जर्मनी. पुण्यात जर्मन शिकायचं तर मॅक्सम्युलर भवन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट. मी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि संध्याकाळी रानडेत जर्मनचे वर्ग. डाड या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि आधी काही महिने फ्रायबुर्गला भाषेच्या वर्गात, मग आखेनला. आखेन कसं आहे हे सांगणारं ओळखीत कुणी नव्हतं. शार्लमेनची राजधानी, त्याचं चर्च आणि गंधकाच्या पाण्याचे गरम झरे, एवढं ग्रंथालयातल्या ज्ञानकोशात सापडलं. त्या झऱ्यांचा उग्र वास एलिझेनब्रुनेनपाशी पहिल्याच दिवशी नाकात गेला आणि पुस्तकातलं गाव खरं झालं. भाचीनं मात्र कोथरूडच्या घरी बसून वसतिगृहापासून वर्गापर्यंतचा रस्ता गुगलच्या नकाशावर चालून पाहिला होता. तिथं उतरल्यावर तिला काहीच अनोळखी वाटलं नाही, असं ती म्हणाली. हे ऐकून मला तिच्यासाठी बरंही वाटलं आणि थोडं वाईटही.

जर्मन आल्याशिवाय तेव्हा पाऊलच टाकता येत नसे. व्याख्यानं जर्मनमध्ये, तोंडी परीक्षा जर्मनमध्ये. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर सुटकाच नव्हती, कारण एखादं संयुग पूर्वी कुणी तयार केलंय का हे शोधायचं म्हणजे बाइलश्टाइनचे जाडजूड खंड उघडायचे, आणि त्यांतले बहुतेक जर्मनमध्ये. एका संदर्भासाठी अख्खी दुपार ग्रंथालयात जाई. त्या दुपारी जर्मन वाक्यं अंगात मुरली. आता तीच माहिती संगणकावर क्षणात मिळते, आणि मिळायलाच हवी. त्या खंडांच्या धुळीचं कौतुक मी करणार नाही. पण भाचीचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम सगळा इंग्रजीत आहे. वर्गातली बरीच मुलं भारतातली. पहिलं वर्ष संपेपर्यंत बेकरीत पाव मागण्यापलीकडे तिला जर्मन लागलं नाही. वसतिगृहातल्या जर्मन मुली तिच्याशी इंग्रजीत नीट बोलत, आणि एकमेकींशी बोलायला लागल्या की ही आपल्या खोलीत निघून येई.

आम्हाला असं निघून जायला जागाच नव्हती. मराठी बोलणारं गावात क्वचितच कुणी भेटे. सांगलीच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या जोशीकाकूंकडे होता. अमुक रविवारी इतक्या वाजता फोन करते, असं महिनाभर आधी पत्रानं कळवायचं. इकडे मी पिवळ्या टेलिफोन बूथमध्ये नाण्यांची चळत रचून उभी, तिकडे आई-नाना काकूंच्या दिवाणखान्यात अर्धा तास आधीपासून बसलेले. तीन मिनिटांत आवाज ऐकून व्हायचा, बोलणं राहून जायचं. उरलेला सगळा वेळ आजूबाजूच्या माणसांत काढावा लागे, म्हणून ती माणसं आपली झाली.

दुकानांचे नियम आठवले की भाचीला नवल वाटतं. रोज संध्याकाळी साडेसहाला सगळं बंद, शनिवारी दुपारी दोनला बंद, महिन्यातला पहिला शनिवार तेवढा अपवाद. रविवार तर अजूनही बंदच असतो. प्रयोग लांबला की शनिवारची दोनची वेळ हुकायची आणि सोमवारपर्यंत पाव आणि चीजवर भागवायचं. तूरडाळ मिळत नसे. १९६१च्या करारानंतर जर्मनीत आलेल्या तुर्की कामगारांनी गावोगाव छोटी दुकानं थाटली होती, तिथं मसूर मिळे, कोथिंबीर मिळे, हिरवी मिरची मिळे. सांगलीहून नेलेला गोडा मसाला घालून मसुरीची आमटी करायची. दुकानदार तुर्की बाई मी कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरलेली बघून हसायची आणि पुढच्या वेळी एक जुडी जास्त टाकायची. तिचं जर्मन माझ्याहून मोडकं होतं. दोघी परक्या भाषेत एकमेकींच्या आयांबद्दल बोलत असू. आता गावात भारतीय किराणा आहे, तिथं चितळ्यांची बाकरवडी मिळते. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, शाकाहारी पदार्थांची रेलचेल असते. आमच्या वेळी शाकाहारी म्हणजे उकडलेला बटाटा, कोशिंबीर आणि पुडिंग. या बाबतीत आजचं सुख निखळ आहे.

मला तिथं सर्वांत खोलवर जे मिळालं ते मात्र पदवीच्या कागदावर कुठेही नाही. वसतिगृहाच्या मजल्यावर सफाईच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला असे. स्वयंपाकघर, जिना, न्हाणीघर, संडास. ज्याची पाळी त्यानं घासायचं, मग तो वैद्यकाचा विद्यार्थी असो की न्यायाधीशाचा मुलगा. सांगलीच्या आमच्या घरात संडास घरातल्या कुणी कधी घासला नव्हता. त्यासाठी एक बाई येत, मागच्या दारानं. त्यांना चहा वेगळ्या कपात मिळे. तो कप कुठल्या फळीवर ठेवायचा हे मला लहानपणापासून पाठ होतं. आखेनमध्ये पहिल्यांदा ब्रश हातात घेतला तेव्हा त्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तो पुढे कित्येक दिवस हलला नाही. सुट्टीत घरी आले तेव्हा तो कप मी फळीवरून काढून टाकला. आई काही बोलली नाही. नाना दोन दिवस बोलले नाहीत.

प्रयोगशाळेतही तेच. प्राध्यापक स्वतःची काचेची भांडी स्वतः धूत. एका चर्चासत्रात मी प्रश्न विचारला तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, मला हे माहीत नाही, आपण शोधू. शिक्षकानं असं म्हणायचं असतं हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. सफाईचा तो तक्ता आजही भाचीच्या मजल्यावर आहे, फक्त तो आता मोबाइलच्या ग्रुपवर येतो, आणि तिची पाळी ती चुकवत नाही.

९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री वसतिगृहाच्या सामायिक खोलीत टीव्हीसमोर सगळे दाटीवाटीनं बसले होते. बर्लिनची भिंत उघडली होती. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीची आजी लाइपझिगला होती. वर्षानुवर्षं ही तिला कॉफीची पार्सलं पाठवायची. त्या रात्री ती हुंदके देत रडली आणि तिला धरून मीही रडले. नंतरच्या आठवड्यांत आखेनसारख्या पार पश्चिमेच्या टोकाच्या गावातही पूर्वेकडची माणसं दिसू लागली, स्वागताचे १०० मार्क हातात घेऊन दुकानांच्या काचांसमोर थबकलेली. गंमत म्हणजे, तेव्हा मला मात्र पायी जाण्याच्या अंतरावरच्या डच गावात, फाल्सला, व्हिसाशिवाय जाता येत नव्हतं. १९९५मध्ये शेंगेन करार लागू झाला आणि त्या तपासण्या गेल्या. भाची तिथं सिटी बसनं कॉफी प्यायला जाते. आपण देशाची सीमा ओलांडली हे तिला मोबाइलच्या नेटवर्कवरून कळतं.

आमच्याही खूप आधी, इरावती कर्वे १९२८मध्ये बर्लिनला गेल्या तेव्हा टपाल बोटीनं येई-जाई. त्यांनी दाहलेमच्या कैसर विल्हेल्म संस्थेत मानवी कवट्यांच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर प्रबंध लिहिला आणि १९३०मध्ये परतल्या. १९२१मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. त्याआधी, १९१७मध्ये, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं, आणि वेगळ्या बोटीनं पाठवलेली त्यांची पुस्तकं टॉर्पेडोच्या हल्ल्यात बुडाली. ती माणसं किती एकटी असतील याचा अंदाज मला येतो तो माझ्या १०-१२ दिवसांवरून. तिथं जे कळलं, जे सोसलं, ते घरी पोचेपर्यंत त्यांच्यापाशीच राहिलं, आणि त्यावर पहिला विचार त्यांना स्वतःलाच करावा लागला. माझंही, फार लहान प्रमाणात, तेच झालं. पत्राला लागणारे ते दिवस मला आज हवेहवेसे वाटतात. नाण्यांची चळत किंवा सोमवारपर्यंतचा पाव मला परत नकोय.

पण 'आमच्या वेळी' असं म्हणून या मुलांना हिणवणारी माझ्या वयाची माणसं भेटतात, तेव्हा मला राग येतो. मी शिष्यवृत्तीवर गेले होते. तिकिटापासून खोलीभाड्यापर्यंत सगळं दुसऱ्यानं भरलं होतं. भाची कर्जावर गेली आहे. विद्यापीठाला शिकवणीची फी नाही, तरी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेच्या बंद खात्यात आधी दाखवावे लागले. माझ्या वेळी मार्क सात रुपयांच्या आसपास होता. आजचा युरो त्याच्या कितीतरी पट महाग आहे. कर्जानं परदेशी शिकणं आपल्याकडे जुनंच. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये कर्जरूप शिष्यवृत्ती सुरू केली आणि पहिल्या दोन मानकऱ्यांत एक कृष्णाबाई केळवकर होत्या. त्या कर्जामागे विश्वास होता. भाचीच्या कर्जामागे कोथरूडचा फ्लॅट आहे. खोली मिळेपर्यंत ती कित्येक आठवडे मैत्रिणीच्या जमिनीवर झोपली. आठवड्याला काही तास नोकरी, वर अभ्यास, वर नोकरीची बाजारपेठ कशी आहे याची रोजची बातमी. २०२३-२४मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, जर्मनीतही परदेशी विद्यार्थ्यांत आपलीच मुलं सर्वाधिक. मी गेले तेव्हा नुसतं जाणंच अपूर्वाईचं होतं. आता जाऊन काय केलंस, असं विचारतात.

आणि या सगळ्यावर रोज संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर हसरा चेहरा. मी तिथं होते तेव्हा पाहिलं. एका परीक्षेत ती नापास झाली होती. निकाल कळून दहा मिनिटं झाली नसतील, तोच आईचा व्हिडिओ कॉल आला. तिनं तोंड धुतलं, केस नीट केले आणि 'हो गं आई, जेवले' म्हणाली. बहिणीला चेहऱ्यावरून कळलंच. मग प्रश्न, मग रडणं, मग पुण्यात रात्रभर कुणाला झोप नाही, सकाळी मामाचा फोन, आत्याचा संदेश. नापास झाल्याचं दुःख तिच्या वाट्याला यायच्या आधीच ते सगळ्या घराचं झालं होतं. ते सावरता सावरता स्वतःचं काय चुकलं हे बघायला तिला सवडच मिळाली नाही.

त्या आठवड्यात आम्ही रोज पाँट्टोरच्या वेशीपर्यंत चालत जात असू. तिनंच विचारलं, 'मावशी, तू महिनाभर कुणाशी बोलायची नाहीस, तर तुला वेड नाही लागलं?' मी म्हटलं, पहिला महिना लागल्यासारखं झालं, मग मी शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'माझ्याकडे दार वाजवायची वेळच येत नाही.'

मी परतल्यावर तिनं आईला सांगितलं की आता फोन फक्त रविवारी. मधे काही निकडीचं असेल तरच. बहीण माझ्यावर चिडली. तूच तिच्या डोक्यात भरवलंस, तुला मुलगी लांब असण्याचं काय कळणार, असं म्हणाली. ते लागलं. तरी मी भाचीच्याच बाजूनं उभी राहिले, आणि बहिणीला स्पष्ट सांगितलं की आईनं मला १०-१२ दिवस दिले होते, तू तिला सहा दे. ती अजून पुरती निवळलेली नाही. भाचीनं दरम्यान विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात जर्मनच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलंय. नापास झालेला पेपर ती पुन्हा देणार आहे. मजल्यावरच्या एका जर्मन मुलीबरोबर अभ्यास चालू आहे, असं तिनं मागच्या रविवारी सांगितलं, आणि बाकीचं पुढच्या रविवारी सांगते म्हणाली.