उंची मोजली, पाय पाहिले नाहीत

खेळाडूची पारख आपणांस साधली आहे, असे आम्हांस बरीच वर्षे वाटत असे. भालकी तालुक्यातील एका मुलाने तो गैरसमज दूर केला. मात्र त्याची किंमत त्याने मोजली, आम्ही नव्हे.

बीदर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची निवड चालली होती. निवड समितीत आम्हीही होतो. मुलाची उंची सहा फूट चार इंच. दहा फुटांवरच्या कड्याला तो दोन पावलांत उडी घेऊन सहज हात लावी. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहून उसळता चेंडू पकडणारा आणि प्रतिपक्षाची वाट अडवणारा खेळाडू. त्या जागेस साजेसा असा देह आमच्या भागात क्वचितच दिसतो. पण चेंडू हाती आला की सारे बिघडे. एक पाय रोवून वळण्याऐवजी तो दोन्ही पाय उचली, बास्केटखालच्या चौकटीत तीन सेकंदांहून अधिक रेंगाळे, आणि पाच फाउल होऊन मध्येच बाहेर जाई. प्रशिक्षक कन्नडमध्ये व इंग्रजीत समजावून सांगत. मराठी शाळेतून आलेला तो मुलगा मान डोलावी आणि पुन्हा तीच चूक करी. आम्ही शेरा लिहिला : 'शरीर उत्तम, समज नाही.' जागा दुसऱ्यास मिळाली.

बाहेर त्याचे वडील उभे होते. म्हणाले, "सर, कबड्डीत पोरगं कुणाच्या हाती लागत नाही बघा. शिकवलं तर हेबी शिकंल." आम्ही हसून त्यांची बोळवण केली. पुढच्या वर्षी मुलगा शिक्षण सोडून हैदराबादला कामाला गेल्याचे कानी आले.

पुढे हकीम ओलाजुवॉन या नायजेरियन सेंटरची हकीकत वाचनात आली. पंधराव्या वर्षापर्यंत तो बास्केटबॉल खेळलाच नव्हता. फुटबॉलमध्ये गोलरक्षण करी, हँडबॉल खेळे. ह्यूस्टन विद्यापीठात पहिल्या वर्षी तो सामन्यांत उतरलाही नाही. तरीही १९८४ साली अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याला पहिला क्रमांक मिळाला. मायकेल जॉर्डन त्या वर्षी तिसरा होता. ज्या पदलालित्यासाठी ओलाजुवॉन गाजला, ते त्याच्या पायांत आधीच्या खेळांनी पेरले होते.

हे वाचले आणि वडिलांचे ते वाक्य आठवले. चढाई करताना एका पायावर गिरकी घेऊन चार हातांतून निसटणे, हेच तर सेंटरने बास्केटखाली करायचे असते! 'पिव्हट' हा शब्द त्या मुलाला उमगला नसेल. 'चढाईत वळतोस तसा वळ,' एवढेच त्याला मराठीत सांगायला हवे होते. समितीत मराठी बोलणारे एकटे आम्हीच होतो.

केवळ देह पाहून निर्णय करणे दोन्ही बाजूंनी फसते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात खाशाबा जाधवांची लहान चण पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घेण्याचे नाकारले होते. प्राचार्यांनी संधी दिली, आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. उलटपक्षी, पंजाबचा सात फूट दोन इंच उंचीचा सतनामसिंग २०१५ साली डॅलसच्या संघाने बावन्नाव्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेल्या खेळाडूची ती पहिलीच निवड. पण त्या सर्वोच्च स्पर्धेत एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. उंची दार उघडते. पुढची वाट पायांनी चालावी लागते.

म्हणून आता निवडीस बोलावणे आले की आम्ही मुलास आधी त्याच्या भाषेत विचारतो, "गावाकडे काय खेळतोस?" आणि मग तेच खेळून दाखवायला सांगतो. कागदावर एक रकाना आम्ही स्वतःच वाढवला आहे : 'यास कोण शिकवणार?' तो भरल्याखेरीज आम्ही कोणत्याही मुलाच्या नावापुढे 'समज नाही' असे लिहीत नाही.