कर्नल बोलत नाही तेव्हा

राउटरवर नवा कर्नल चढवताना सिरियल कन्सोलवर ‘स्टार्टिंग कर्नल’ अशी ओळ उमटते आणि पुढे सगळं चिडीचूप. नवखा माणूस म्हणतो, कर्नल सुरू होताहोताच मेला. पण ती ओळ कर्नलची नसतेच, ती यू-बूट या बूटलोडरची. आपण सूत्रं सोडली, एवढंच तो सांगतो. कर्नलने अजून तोंड उघडलेलं नसतं.

म्हणून मी आधी त्याला बोलतं करायच्या मागे लागतो. वायरी नीट आहेत, वेग ११५२०० आहे, हे यू-बूटच्या ओळींनीच सिद्ध केलेलं असतं. मग संशय बूट आर्ग्युमेंट्सवर. नव्या ड्रायव्हरबरोबर सिरियल पोर्टचं नाव बदललं असेल, तर कर्नल बिनबोभाट चालतो आणि आपण ऐकत बसतो भलत्याच दाराशी. अशा वेळी पिंगला उत्तरही मिळून जातं. तेही नसेल तर ‘अर्लीकॉन’ लावतो. नेहमीचा ड्रायव्हर जागा व्हायच्या आधीचे बोल त्यातून कळतात.

तरीही शांतता असेल तर मेमरीचे पत्ते. टीएफटीपीने उतरवलेली इमेज कर्नल उलगडण्याच्या जागेला खेटून असेल, तर उलगडणारा कर्नल बसल्या फांदीवरच कुऱ्हाड घालतो. त्यानंतर डिव्हाइस ट्री. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एथेरॉस चिपचे राउटर जुन्या ‘एआर७१एक्सएक्स’वरून ‘एटीएच७९’वर गेले, तेव्हा सी भाषेत लिहिलेलं बोर्डाचं वर्णन या ट्रीमध्ये आलं. ट्री दुसऱ्याच बोर्डाचा असेल तर कर्नल नसलेलं हार्डवेअर शोधत बसतो.

एकदा ‘रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही’ असा पॅनिक आला की मला हायसं वाटतं. याचा अर्थ कर्नल उठला, कन्सोल सापडला, अडलंय फ्लॅशच्या विभागणीपाशी. कर्नल दर आवृत्तीला फुगतो. ४ एमबी फ्लॅशच्या राउटरमध्ये त्याला जुनी खोली पुरत नाही.

या पॅनिकच्या आधीची सगळी शोधाशोध रॅममध्येच, इनिट-रॅमएफएस इमेजवर चालते. वीज बंद केली की जुनी सिस्टिम जशीच्या तशी. फ्लॅशला हात लावायची वेळ आली, की आधी वायफायचं कॅलिब्रेशन असलेल्या पार्टिशनची प्रत काढून ठेवतो. कर्नल हवा तेव्हा पुन्हा बांधता येतो. ते आकडे मात्र कारखान्यात त्या एकाच बोर्डासाठी मोजून लिहिलेले असतात.